अस्थींविना उभी राहिलेली स्मारके : नाईक यशवंत घाडगे

कालिंगबोधि जातकात चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीरधातूंवर उभारलेले ते शारीरिक, वापरातील वस्तूंशी निगडित ते पारिभोगिक आणि केवळ स्मरणार्थ उभे केलेले ते उद्देशिक. या तिसऱ्या प्रकारास वस्तूचा आधार नसतो, तो मनावरच अवलंबून असतो, असेही तेथे म्हटले आहे. ही विभागणी बुद्धाच्या संदर्भातील असल्याने एखाद्या सैनिकाच्या स्मारकास ती लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही, हे मान्य आहे. तथापि इटलीत पडलेल्या एका कोकणी तरुणाची स्मारके पाहू जाता तिचे स्मरण होते खरे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात झाला. ते ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आल्यावर जर्मन सैन्य उत्तरेस गॉथिक लाइनकडे हटत होते आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात टेकडीटेकडीवर झुंज देत होते. तेथेच १० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्यावाचून तुकडीतील सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. बॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केले आणि दुसऱ्यास गोळी घातली. मॅगझीन बदलण्यास अवधी नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या घावांनी ठार केले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून जिंकलेल्या त्याच जागी त्यांचा अंत झाला. वय २२ वर्षे. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

मानपत्रात इतकेच आहे. बावीस वर्षांच्या आयुष्यातील काही मिनिटे तेवढी नोंदली गेली, आणि तीही हत्येची. पहिले शील स्वीकारलेल्या वाचकास ती सहज वाचवणार नाहीत. पण म्हणून ती गाळून केवळ 'वीर' म्हणून पुढे जाणे हे स्मरण नव्हे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मानपत्रातील चार जर्मनांना नावे नाहीत, आणि तुकडीतील मराठा जवानांनाही नाहीत.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. ज्यांच्या दफनस्थळाचा ठाव नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ मृत्यू पावले. कोरीव नावाचे हे मोल आपल्या प्रदेशास अपरिचित नाही. भाजे येथील चौदा दगडी स्तूपांपैकी काहींवर थेरांची नावे आहेत. त्या स्थविरांविषयी आज त्या नावापलीकडे फारसे काही हाती लागत नाही, तरी लेणे पाहणारा तेथे थांबून अक्षरे लावतोच. माणगावी घाडगे यांचा पुतळा आहे. पुतळ्यास चेहरा असतो, कॅसिनोच्या दगडावर केवळ अक्षरे.

तिसरे स्मारक याहून निराळे आहे. पेरुजा प्रांतातील मोन्तोने या गावी जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने, इटलीत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ, एक छायायंत्र उभारण्यात आले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्यास दिले आहे. या 'सर्व' शब्दात मानपत्रातील ते चौघेही येतात. मोन्तोनेच्या लोकांना तसे अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न वेगळा. छायायंत्रात मूर्ती नसते, अस्थीही नसतात. ऊन असेल तेव्हा काट्याची सावली पडते आणि तासांच्या खुणांवरून सरकत जाते.