आईला आधी गरीब व्हावं लागतं

अमेरिकेतले ऐकणारे एक प्रश्न हमखास विचारतात: आईला नर्सिंग होममध्ये ठेवलं, तर सरकार पैसे देतं ना? (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल. तिकडे म्हणजे बहुतेकदा म्हातारपणाचा कायमचा मुक्काम.)

देतं, पण कसं, ते कळायला १९३५ सालात जावं लागेल. तेव्हा निराधार म्हाताऱ्यांची शेवटची जागा म्हणजे 'पुअरहाउस'. ती बंद पडावीत म्हणून सोशल सिक्युरिटी कायद्याने अट घातली: सरकारी संस्थेत राहणाऱ्याला वृद्धांची मदत मिळणार नाही. मग लोक ती रक्कम घेऊन खासगी घरांत राहायला गेले, आणि नर्सिंग होमचा धंदा वाढला.

३० जुलै १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी एकाच कायद्यावर सही केली आणि दोन योजना आल्या. मेडिकेअर ६५ वर्षांवरच्यांसाठी, मेडिकेड गरिबांसाठी. मेडिकेअर नर्सिंग होमचे पैसे देते ते हॉस्पिटलनंतर, अटींसह, जास्तीत जास्त १०० दिवस. वर्षानुवर्षांची देखभाल गेली मेडिकेडच्या खात्यात. माझ्या मते सगळी गोची इथेच झाली. म्हातारपण सगळ्यांना येतं, पण त्याची सोय गरिबीच्या योजनेत!

म्हणून पात्र व्हायचं तर आधी स्वतःची पुंजी संपवायची. बऱ्याच राज्यांत एकट्या माणसाकडे, राहतं घर वगैरे सोडून, फक्त २,००० डॉलर चालतात. नवरा नर्सिंग होममध्ये गेला की घरी राहिलेली बायकोही कंगाल व्हायची. तिच्यासाठी काही रक्कम राखायची सोय व्हायला १९८८ उजाडलं. १९९३ पासून तर आईच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेतून वसुली करणं राज्यांना सक्तीचं झालं.

आता बक्षीसपत्राचं. आपल्याकडे घर मुलाच्या नावावर करणं अगदी साधी गोष्ट. २००६ च्या सुधारणेपासून तिथलं ऑफिस अर्जाआधीची पाच वर्षं तपासतं. मध्ये घर दिलेलं सापडलं, तर त्याच्या किमतीच्या हिशेबाने काही महिने मदत बंद. आणि ते महिने मोजायला सुरुवात होते ती घर दिल्यापासून नाही, तर आईचे पैसे संपून ती पात्र ठरल्यावर! म्हणजे हातात काहीच नसताना.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मुलगा किंवा मुलगी आधी किमान दोन वर्षं आईच्या घरात राहिली असेल, आणि तिच्या सेवेमुळेच नर्सिंग होम लांबणीवर पडलं असेल, तर त्या मुलाला घर दिल्याचा दंड लागत नाही. पुरावा लागतो, डॉक्टरांचं पत्रही मागतात. आणि आईवडील ग्रीन कार्डवर आले असतील, तर १९९६ च्या कायद्यामुळे मेडिकेडसाठी सहसा आधी पाच वर्षं थांबावं लागतं.