वारशात आलेले मनगटी घड्याळ : दुरुस्ती, सुटे भाग आणि मूळपण

घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर कपाटाच्या खणात एखादे बंद पडलेले मनगटी घड्याळ सापडते. किल्ली अडकलेली असते किंवा नुसतीच फिरत राहते, काच धुरकट झालेली असते, पट्टा हात लावताच तुटतो. बाजारात अशा घड्याळाला अनेकदा फारशी किंमत नसते. घरच्यांच्या लेखी मात्र त्याची जागा दुसरे कोणतेही घड्याळ घेऊ शकत नाही. ते पुन्हा चालते करणे बहुतेक वेळा शक्य असते. वर्षानुवर्षे खणात पडून राहिल्याने त्याचे जेवढे नुकसान होत नाही, तेवढे कधी कधी दुरुस्तीच्या एका दिवसात होते. म्हणून घड्याळजीकडे जाण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घेणे हिताचे ठरते.

गोमंतकातील घरांतील घड्याळे

गोव्यातील घरांत आढळणाऱ्या जुन्या घड्याळांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला स्विस घड्याळांचा. पोर्तुगीज राजवटीत, अगदी पन्नासच्या दशकातील आर्थिक नाकेबंदीच्या काळातही, युरोपातील चैनीच्या वस्तू गोव्याच्या बंदरांत उतरत. जहाजावर नोकरीला असलेल्यांनी आणि पुढे आखातात गेलेल्यांनीही आपल्याबरोबर घड्याळे आणली. शेजारच्या मुंबईत फेव्हर-ल्यूबा आणि वेस्ट एंड यांची नावे एकोणिसाव्या शतकापासूनच परिचित होती.

दुसरा गट एचएमटीचा. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, म्हणजे १९६१ साली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरू येथे एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन ही त्याची नमुनानामे पुढे घरोघरी पोहोचली. परीक्षेतील यश, पहिली नोकरी, लग्न, निवृत्ती अशा प्रसंगी एचएमटी भेट देण्याचा रिवाजच पडला होता. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी ऐंशीच्या दशकानंतर बाजारपेठ व्यापली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. नव्या सुट्या भागांचा नियमित पुरवठा त्यामुळे आटला. आज एचएमटी दुरुस्त होते ती मुख्यतः शिल्लक साठ्यातून आणि दुसऱ्या बंद घड्याळांतून काढलेल्या भागांवर.

प्रथम काय करू नये

सापडलेल्या घड्याळाला उत्साहाने पूर्ण किल्ली देण्याचा मोह होतो. तो टाळावा. घड्याळातील तेल काही वर्षांत वाळते, घट्ट होते किंवा मूळ जागेवरून पसरते. चक्रांच्या टोकांच्या खुंट्या अत्यंत बारीक असतात. बॅलन्स चक्राची खुंटी तर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. कोरड्या यंत्रणेत त्या झिजतात. ‘चालते आहे, मग दुरुस्ती कशाला’ हा विचार म्हणूनच महागात पडतो.

घरी झाकण उघडणे, आत तेल सोडणे किंवा तबकडी ओल्या कापसाने पुसणे हेही करू नये. त्याऐवजी घड्याळाची पुढून, मागून आणि बाजूने छायाचित्रे काढावीत. झाकणावरील अक्षरे, क्रमांक, भेटीचा कोरलेला मजकूर यांची नोंद ठेवावी. जुनी पावती, खोका किंवा घड्याळ मनगटावर असलेले वडिलांचे छायाचित्र सापडल्यास ते जपून ठेवावे. मूळ तबकडी, काटे आणि पट्टा कसा होता याचा तो सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो.

तबकडीवरचे नाव आणि आतला क्रमांक

सुटा भाग शोधताना बहुतेकांची पहिली चूक होते ती तबकडीवरील नावावर विसंबण्याची. भाग ठरतो तो आतील यंत्रणेच्या क्रमांकावरून. या क्रमांकाला कॅलिबर म्हणतात. अनेक स्विस कंपन्या स्वतःची यंत्रणा बनवत नसत, ए. शिल्ड, फाँतेनमेलाँ म्हणजेच एफएचएफ, ईटीए अशा कारखान्यांची यंत्रणा घेऊन त्या आपल्या नावाची तबकडी बसवत. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या घड्याळांत एकच यंत्रणा आढळते आणि एकाच नावाच्या दोन घड्याळांत दोन निरनिराळ्या यंत्रणा असू शकतात.

हा क्रमांक बहुधा मागचे झाकण उघडल्यावर बॅलन्स चक्राजवळ किंवा त्याच्या खाली, निर्मात्याच्या छोट्या चिन्हासह कोरलेला असतो. झाकणाबाहेरचा आकडा अनेकदा केसचा किंवा नमुन्याचा असतो. त्यावरून आतील भाग मागवू नये. यंत्रणेचा व्यास लिन्य या जुन्या फ्रेंच मापात सांगण्याची पद्धत आहे. एक लिन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर.

एचएमटीच्या बाबतीत हे ज्ञान विशेष उपयोगी पडते. जनता, पायलट आणि कोहिनूर यांसारखे किल्लीचे लोकप्रिय नमुने ०२० या एकाच कुळातील यंत्रणेवर चालतात. म्हणून पायलटचा मोडलेला भाग बंद पडलेल्या जनतामधून मिळू शकतो. सोना मात्र चपटे घड्याळ आहे. त्याची यंत्रणा वेगळी, आणि जनतामधील भाग तेथे चालत नाहीत. कांचन स्वयंचलित असल्याने तिचाही शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

कोणता भाग बदलावा, कोणता राखावा

जुन्या घड्याळातील सर्व भागांना सारखाच मान देण्याचे कारण नाही. काही भाग झिजण्यासाठीच असतात. मुख्य कमान हा त्यातला पहिला. जुन्या पोलादी कमानी कालांतराने ताण गमावतात किंवा तुटतात. नवी कमान घेताना तिची रुंदी, जाडी आणि लांबी ही तिन्ही मापे जुळावी लागतात. जास्त जाड कमान बसवल्यास बॅलन्स चक्र प्रमाणाबाहेर झोके घेते आणि घड्याळ पुढे धावते. कमजोर कमानीने ते संध्याकाळपर्यंत मागे पडते.

किल्ली आणि तिची दांडी यांना घाम आणि दमट हवा सर्वांत आधी पोहोचते. नवी दांडी सहसा जादा लांबीची येते आणि त्या केसच्या मापाने कापून बसवावी लागते. तिचा यंत्रणेकडील भाग कॅलिबरप्रमाणे बदलतो. किल्ली मात्र शक्य असल्यास मूळच ठेवावी, कारण अनेक घड्याळांत तिच्यावर कंपनीचे चिन्ह असते.

काच बदलण्याबाबत फार हळवे होण्याची गरज नाही. त्या काळातील बहुतेक काचा अ‍ॅक्रिलिकच्या असत. बारीक ओरखडे घासून जातात. तडा गेला असल्यास योग्य व्यासाची नवी काच बसवता येते. येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक महत्त्वाचा ठरतो.

तबकडी, काटे, मूळ यंत्रणा आणि कोरलेला मजकूर असलेले झाकण हे चार भाग राखण्याचे. ते बदलले की घड्याळ चालते, पण ते आजोबांचे राहिले आहे असे म्हणणे कठीण होते.

तबकडीचा मोह

सर्वाधिक घड्याळे बिघडतात ती तबकडी ‘नवी’ करण्याच्या हौसेपायी. जुना रंग खरवडून नवा रंग आणि नवी छपाई केलेली तबकडी लांबून झळझळीत दिसते. भिंगाखाली मात्र अक्षरांच्या जाड कडा, सरकलेले आकडे आणि नमुन्यात कधीच नसलेले रंग उघडे पडतात. एचएमटी पायलटच्या रंगीबेरंगी तबकड्यांनी बाजार भरला आहे. त्यांतील बऱ्याच कारखान्यातून त्या रूपात बाहेर पडलेल्याच नाहीत. पुन्हा रंगवलेली तबकडी पूर्वस्थितीत आणता येत नाही. पिवळसर झाक, एखादा डाग, किंचित पुसट अक्षर हे बहुधा तसेच राहू द्यावे.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक स्विस घड्याळांत त्यासाठी रेडियम वापरले जाई. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. असा थर खरवडू नये, त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. घड्याळ घरी उघडू नये याचे हेही एक कारण आहे.

केस चकाकवण्याबाबतही हेच तारतम्य हवे. एचएमटी जनताची केस पोलादी नसून क्रोमचा मुलामा दिलेली असते. अधिक घासल्यास खालचे पितळ उघडे पडते. सोनेरी मुलाम्याच्या स्विस केसवर ‘२० मायक्रॉन’ असा उल्लेख आढळतो. म्हणजे सोन्याचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका! पोलादी केसच्या धारदार कडाही वारंवार घासण्याने बोथट होतात.

सुटे भाग कोठून मिळवावेत

पहिला स्रोत जुना घड्याळजीच. पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारपेठांत असो वा बेळगावात, दीर्घकाळ हा व्यवसाय केलेल्या दुकानदारांकडे कागदी पुड्यांत ठेवलेले न वापरलेले भाग अजून निघतात. दुसरा स्रोत मुंबईच्या चोर बाजारासारख्या जुन्या वस्तूंच्या बाजारांचा आणि तिसरा परदेशी साठेदारांचा. स्विस कॅलिबरचे भाग त्यांच्याकडे क्रमांकावरून मागवता येतात.

चौथा मार्ग दाता घड्याळाचा. त्याच कॅलिबरचे, तबकडी खराब झालेले पण यंत्रणा शाबूत असलेले घड्याळ विकत घेऊन त्यातील आवश्यक भाग काढून घेतात. मोडलेली बॅलन्सची खुंटी किंवा गंजलेली हेअरस्प्रिंग यांसाठी अनेकदा हाच व्यवहार्य उपाय असतो. उरलेले दाता घड्याळ टाकून न देता पुढच्या गरजेसाठी जपून ठेवावे. घड्याळाचे निर्मितिवर्ष जाणून घ्यायचे असल्यास काही जुन्या कंपन्यांच्या नोंदींचा आधार मिळतो. लाँजिन्स अनुक्रमांकावरून आपल्या जुन्या दफ्तरातील नोंद शोधून देते.

घड्याळजीशी बोलताना

काम सोपवताना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : विचारल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, तबकडीला हात लावू नये, केस घासू नये आणि काढलेले सर्व जुने भाग पुडीत परत द्यावेत. केवळ तेल सोडून देण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. यंत्रणा पूर्ण सुटी करणे, प्रत्येक भाग धुणे, झीज तपासणे, जागेनुसार निरनिराळे तेल व ग्रीस लावणे आणि पुन्हा जुळवणे हा खरा क्रम आहे. शक्य असल्यास टाइमग्राफर या यंत्रावर केलेली चाचणी पाहावी. ते टिकटिक ऐकून घड्याळाचा वेग आणि बॅलन्स चक्राचा झोका दाखवते. पूर्ण किल्ली दिल्यावर घड्याळ आडवे असताना हा झोका साधारण २७० ते ३०० अंश असावा. जुन्या घड्याळात २५० अंशांवरही समाधान मानता येते. रोज अर्धा मिनिट पुढे-मागे होणे हा अशा घड्याळाचा दोष समजू नये.

गोव्याच्या हवेत जपणूक

दुरुस्तीनंतरची खरी परीक्षा गोव्याच्या हवेत होते. समुद्राकडची खारट हवा, घाम आणि चार महिन्यांचा पाऊस पोलादी दांडीला गंज चढवण्यास पुरेसे असतात. तबकडीवर काहीही लिहिलेले असले तरी जुने घड्याळ जलरोधक मानू नये. पावसाळ्यात ते हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि पुडी वेळोवेळी बदलावी. काचेखाली वाफ धरल्यास वाट न पाहता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. गंज लागण्यास फार दिवस लागत नाहीत.

किल्लीचे घड्याळ रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, अडखळेपर्यंत हलक्या हाताने भरावे. दर चार-पाच वर्षांनी साफसफाई करून घ्यावी. आणि ज्या चिठ्ठीवर कॅलिबर, बदललेले भाग व दुरुस्तीची तारीख लिहिली आहे, ती घड्याळाच्याच डबीत ठेवावी. पुढच्या पिढीला ते पुन्हा बंद पडलेले सापडले, तर शोध कोठून सुरू करायचा हे त्यांना ठाऊक असेल.