आपल्या जागेची गोष्ट

मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका छोट्या मुलीनं मला विचारलं, "आजोबा, आपल्या बिल्डिंगच्या आधी इथे काय होतं?" मी म्हटलं, "चाळ." तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आणि चाळीच्या आधी?" तेवढ्यात तिचा मजला आला आणि उत्तर राहून गेलं. कमिटीनं स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, तेच उत्तर द्यावं. त्यात एक गोष्ट अशीही आहे, जी पंचवीस वर्षांत मी मीटिंगमध्ये कधी बोललो नाही.

चिंचपोकळी म्हणजे चिंचांची झाडं असलेला खोलगट भाग, असं जुने लोक नावाचा अर्थ सांगायचे. आज आपण स्वतःला मुंबईच्या मधोमध समजतो, पण मुंबई म्हणजे कोट आणि त्याच्या आसपासची वस्ती होती, तेव्हा हा भाग शहराच्या कडेला होता. मोकळी हवा मिळावी म्हणून गव्हर्नरसाहेब परळच्या बंगल्यात राहायचे. आज तिथे हाफकिन संस्था आहे. म्हणजे आपली जागा हे एके काळी शहराबाहेरचं उपनगरच होतं.

हे चित्र पालटलं ते गिरण्यांनी. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि ताडदेवची त्यांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्याआधी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. गिरणीला मोकळी जागा लागते, पाणी लागतं, कोळसा आणि कापूस आणायला रेल्वे आणि बंदर लागतं. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ इथे हे सगळं हाताशी होतं. बघता बघता चिमण्या उभ्या राहिल्या आणि या भागाला गिरणगाव म्हणू लागले. आपल्या आसपासच अपोलो, सिम्प्लेक्स, मॉडर्न, न्यू ग्रेट ईस्टर्न, दिग्विजय, काळाचौकीच्या इंडिया युनायटेड. आता यातली बरीच नावं मुलांना टॉवरच्या पत्त्यात किंवा बसस्टॉपवर भेटतात.

माणसं आली कोकणातून आणि घाटावरून. कोकणातला माणूस बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरायचा आणि गाववाल्याच्या खोलीवर यायचा. कामाला लावायचं जॉबरच्या हातात. त्याची मर्जी सांभाळली तर 'बदली'ला उभं राहता यायचं. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जायचं, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. माझ्या वडिलांची पहिली काही वर्षं अशीच गेली.

जुने दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. रविवारची सुट्टीसुद्धा भांडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केलं, तेव्हा १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी उशिरा उठतो ती त्यांची देणगी. आणि अन्याय फक्त मालकांकडूनच होत होता असंही नाही. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून दलित कामगारांना बाकीचे कामगार त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरला. बाबासाहेब स्वतः परळला पोयबावडीच्या चाळीत राहिलेले. ज्या एकीच्या गोष्टी आपण अभिमानानं सांगतो, त्या एकीला अशीही एक भेग होती, हे मुलांना कळलं पाहिजे.

चाळीचं घड्याळ म्हणजे भोंगा. सात ते साडेतीन पहिली पाळी, साडेतीन ते बारा दुसरी, आणि बारा ते सात रात्रपाळी. त्यामुळे चाळीत कुणीतरी कायम झोपलेलं असायचं आणि आम्हा पोरांना कायम "हळू बोला रे" ऐकावं लागायचं. आमची खोली दहा बाय बाराची. त्यात आम्ही सहाजण आणि आईची खाणावळ. तिच्याकडे आठ मेंबर जेवायचे. अशा खाणावळवाल्या बायका गिरणगावात घरोघर होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर या बायकांच्या कामाला कुणी काम म्हणतच नव्हतं.

आईच्या मेंबरांपैकी एक सातारकडचे होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते आमच्याकडे जेवायचे, गॅलरीत झोपायचे आणि त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या पलंगाखाली असायची. पगार झाला की पहिली मनीऑर्डर गावाला. मला सायकल त्यांनी शिकवली. चिंतामणीच्या विसर्जनाला खांद्यावर बसवून तेच न्यायचे. आपल्या चिंचपोकळीच्या मंडळाची स्थापना १९२० ची, म्हणजे गणपतीही गिरणीच्या पगारावरच मोठा झाला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो कधी मिटलाच नाही. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, म्हणून आमची चूल पेटत राहिली. बाकीच्या घरांतली भांडी आणि मंगळसूत्रं पेढीवर गेली. काही जण गावी गेले ते परतलेच नाहीत. आईची खाणावळ बंद पडली, कारण मेंबरांकडे द्यायला पैसेच नव्हते. मामा राहिले. रात्री एका गोडाऊनवर वॉचमन आणि दिवसा आमच्या गॅलरीत झोप, असं त्यांचं बारा-तेरा वर्षं चाललं. आई त्यांना जेवायला वाढायची, हिशेब कधी मागितला नाही.

मग चाळीच्या पुनर्बांधणीचा विषय निघाला. जिने टेकूवर उभे होते, दर पावसाळ्यात नोटीस यायची. नियमाप्रमाणे सत्तर टक्के भाडेकरूंची संमती हवी होती आणि प्रत्येक भाडेकरूला कमीत कमी २२५ चौरस फुटांची जागा मिळणार होती. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. ज्याच्या नावावर भाडेपावती, त्याला घर. संध्याकाळी चाळीच्या चौकात मी ती यादी मोठ्यानं वाचली. मामा जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. त्यांचं नाव येणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मामांसारखे आणखी सात-आठजण आपल्या चाळीत होते. वीस-पंचवीस वर्षं इथे राहिलेले, पण पावती नसलेले. त्यांचं काय, असा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. माझ्या मनात तेव्हा एकच धास्ती होती, की काही फाटा फुटला तर सगळंच काम अडकेल.

ट्रान्झिट कॅम्पला सामान हलवायच्या दिवशी मामा गावी गेले. "ट्रंक राहू दे, नंतर नेतो," म्हणाले. ती ते न्यायला आलेच नाहीत.

चार वर्षांनी आपण या बिल्डिंगमध्ये आलो, सोसायटी रजिस्टर झाली. स्वतःच्या घरात स्वतंत्र संडास पाहून माझी आई रडली होती. हा आनंद खरा होता, तो मी कमी लेखत नाही. पण ट्रान्झिटमध्येच काही कुटुंबांनी हक्क विकले आणि ती डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. एके काळी चिंचपोकळी शहराच्या कडेला होती. आता चिंचपोकळीची माणसं शहराच्या कडेला आहेत.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं. १ जानेवारी १९८२ रोजी जे गिरणीच्या पटावर होते, त्यांना हक्क. २०१२ साली म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली. घरं ६,९२५ आणि अर्ज लाखाहून जास्त. अर्जाला पुरावा लागतो. तेव्हा मी मामांची ट्रंक उघडली. आत दोन धोतरं, गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड आणि आईच्या अक्षरातली खाणावळीची एक वही होती. कागद घेऊन मी साताऱ्याला गेलो. मामा थकले होते, पण मला ओळखलं. पहिला प्रश्न विचारला, "चिंतामणी यंदा केवढा होता रे?" यादीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला. ते म्हणाले, "तू पावती बघून वाचलीस. पावती माझी नव्हतीच." अर्ज भरला, पण नंबर लागला नाही. मामा आता नाहीत. त्यांच्या मुलाचं नाव वारस म्हणून लागलंय आणि प्रत्येक सोडतीला तो मला फोन करतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात कमिटीपुढे माझी एक मागणी आहे. तळमजल्यावर सभासदांच्या नावांचा बोर्ड आहे, त्याच्या शेजारी आणखी एक बोर्ड लावू या. त्यावर चाळीत राहिलेल्या, पण पावतीवर नसलेल्या माणसांची नावं असू देत. मामांचं नाव मी दिलंच आहे. ज्यांना आणखी नावं आठवत असतील त्यांनी ती माझ्याकडे आणून द्यावीत. आणि घरात जुनं तिकीट, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद, ईएसआयचं कार्ड काहीही असेल तर रद्दीत घालू नका. कुणाच्या तरी वारसाला तेच उपयोगी पडेल.

चौथ्या मजल्यावरच्या बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लांबलं खरं. पण आपली लिफ्ट जिथून वर जाते ना, साधारण तिथेच ती जिन्याची पायरी होती.