नळावर पांढरा थर, गिझरमध्ये खडा: बोअरचं पाणी घरातल्या यंत्रांचं काय करतं?

परभणी शहराला पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणातून पाणी येतं. पण नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून अनेक घरांत नळासोबत बोअरही असतो. दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं आणि तिथून गिझर, वॉशिंग मशीन, कूलर असं सगळीकडे जातं. काही महिन्यांनी तोटीवर पांढरा थर दिसतो, शॉवरची भोकं बुजतात, पाणी तापायला वेळ लागतो. याचं कारण आहे पाण्याचा कठीणपणा. शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, तेच हे ‘जड’ पाणी.

पाणी जड कशामुळे होतं?

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. परभणी जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी खडकाच्या भेगांतून आणि काळ्या मातीतल्या चुनखडीतून जाताना हे क्षार विरघळवतं. धरणातलं पाणी मुख्यतः पावसाचं वाहून आलेलं असतं, त्यामुळे ते साधारणपणे बोअरपेक्षा हलकं असतं. मात्र शेजारच्या दोन बोअरच्या पाण्यातही बराच फरक असू शकतो.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ही मर्यादा पिण्यासाठी आहे. यंत्रांना त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो.

थर नेमका कुठे बसतो?

नियम सोपा आहे: पाणी जिथे तापतं किंवा जिथे आटतं, तिथे क्षार मागे राहतात.

गिझर आणि हीटर रॉड: पाणी तापलं की विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होतं. तोच हा खडा. ४०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी रोज ६० लिटर तापवलं, तर त्यातून २४ ग्रॅम क्षार जातात. त्याचा विसावा भाग जरी आत बसला, तरी वर्षाला चारशे ग्रॅमपेक्षा जास्त होतो. हा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे पाणी उशिरा तापतं आणि आतलं एलिमेंट जास्त तापून शेवटी जळतं.

कूलर: उन्हाळ्यात कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मात्र टाकीत आणि गवतात राहतात. वरून नुसतं पाणी भरत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त जड होतं. गवत कडक होतं, त्यातून हवा कमी जाते आणि पंपही अडकतो.

वॉशिंग मशीन: जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो. पावडर जास्त लागते, कपडे खरखरीत होतात. पाणी गरम करणाऱ्या मशीनमध्ये हीटरवरही थर चढतो.

सोलर हीटर आणि आरओ: सोलरच्या नळ्यांत थर बसून पाणी कमी तापतं. आरओमध्ये मेम्ब्रेन लवकर चोंदतं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका

टीडीएस म्हणजे पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार. त्यात मीठही आलं, पण मिठाने खडा होत नाही. त्यामुळे टीडीएसचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे. पाणी तपासायला देताना ‘एकूण कठीणपणा’ असं स्पष्ट सांगावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दोन बाटल्यांत नळाचं आणि बोअरचं पाणी सारखं घ्या, साबणाचा सारखा कीस टाका आणि हलवा. जिथे फेस कमी आणि साका जास्त, ते पाणी जड.

उपाय काय?

• शक्य असल्यास दोन टाक्या करा. नळाचं पाणी गिझर, मशीन आणि कूलरला. बोअरचं पाणी फरशी, संडास, गाडी धुण्याला. गच्चीवरचं पावसाचं स्वच्छ पाणीही हलकं असतं.
• गिझरचं तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा. जितकं जास्त तापेल तितका खडा जास्त.
• गिझर ठरावीक काळाने मेकॅनिककडून उघडून साफ करा. आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला.
• किटली आणि शॉवरची जाळी सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, त्याने धातू खराब होतो. कोणतंही ॲसिड ब्लीचिंगमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.
• कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. डासांची पैदासही थांबते.
• सगळं पाणी जडच असेल तर सॉफ्टनर बसवता येतो. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून ते पाणी झाडांना घालू नये.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही.

हे पाणी पिणं वाईट आहे का?

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. मात्र बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असू शकतं आणि ते चवीवरून किंवा पांढऱ्या थरावरून कळत नाही. म्हणून पाणी तपासायला द्यालच, तर कठीणपणासोबत या दोन्हींची तपासणीही करून घ्या.