मृगदाव आणि रमणा : वऱ्हाडातील शिकारभूमीचा एक विचार

वऱ्हाडच्या जुन्या सरकारी परिभाषेत गवतासाठी राखून ठेवलेल्या जमिनीस ‘रमणा’ म्हणत. मराठीत याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘राजाने शिकारीसाठी हरणे राखलेले वन’ असा आहे. जेथे गवत तेथे हरीण, जेथे हरीण तेथे शिकारी, आणि शिकारी सत्ताधारी असेल तर तेथे कुंपण. या क्रमातच त्या दोन अर्थांचा सांधा आहे. तथागतांनी ज्या भूमीवर धम्मचक्र प्रवर्तित केले ते इसिपतनचे मृगदावही हरणांचे राखीव वनच होय. शिकारीसाठी भूमी राखणे अथवा विकत घेणे, आणि त्या भूमीला अभय देणे, या दोन परंपरांचा वऱ्हाडच्या अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मृगदावाची कथा निग्रोधमिग जातकात आली आहे. तिच्या आरंभाकडे आमच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वाराणसीच्या राजास मृगमांसाचे व्यसन होते. तो प्रतिदिनी नगरवासी व ग्रामवासी यांना शिकारीच्या कामी जुंपीत असे आणि त्यामुळे त्यांची स्वतःची कामे बुडत. या वेठीला कंटाळून लोकांनी राजोद्यानात गवत पेरले, पाण्याची सोय केली, रानातील हरणांना हाकून आत कोंडले आणि दार बंद केले. म्हणजे ती शिकारभूमी निर्माण झाली ती प्रजेने आपल्यावरील वेठ टाळण्यासाठी. राजाचे व्यसन तसेच राहिले. त्याचा भार मात्र माणसांवरून हरणांवर गेला.

पुढील भाग सर्वांना परिचित आहे. दोन कळपांनी पाळीपाळीने एकेक हरीण वधासाठी पाठवायचे ठरविले. साख मृगाच्या कळपातील गर्भवती हरिणीची पाळी आली, तेव्हा साखाने तिची विनंती अमान्य केली. निग्रोधरूपी बोधिसत्त्वाने तिच्या जागी स्वतःची मान वधशिळेवर ठेवली. राजाचे मन पालटले. त्याने प्रथम त्या दोघांना, मग सर्व हरणांना, मग सर्व चतुष्पादांना, पक्ष्यांना आणि मत्स्यांना अभय दिले. दुर्बळांनी भार आपल्यापेक्षा दुर्बळांवर ढकलावा, ही शिकारभूमीची रीत. समर्थाने तो स्वतःवर घ्यावा, ही बोधिसत्त्वाची रीत होय.

कथेतील हा आदर्श सम्राट अशोकाने राज्यव्यवहारात आणला. पहिल्या शिलालेखात त्याने स्वतःच्या पाकशाळेतील हत्या दोन मोर व एक हरीण यांवर आणली आणि पुढे तीही थांबविण्याचा मनोदय प्रकट केला. आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि तीत मृगया होई. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. याच आठव्या लेखाचा खंड १८८२ मध्ये पं. भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे मिळाला. शिकार सोडल्याची ही राजघोषणा महाराष्ट्राच्या भूमीवर कोरली गेली होती, हे आम्ही विसरता कामा नये. विदर्भाचा पुरावा याहून जवळचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिलेवर प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी प्राचीन ब्राह्मी आज्ञा आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनी ती अशोककालीन ठरविली. विदर्भातील अतिप्राचीन कोरीव शब्दांमध्ये प्राण्यांच्या अभयाचे हे शब्द आहेत.

मध्यंतरी अनेक शतके लोटली. १८२३ मध्ये हैदराबादच्या सैन्यातील कॅप्टन रॉबिन्सन गाविलगडाच्या डोंगरात चिखलदऱ्याच्या पठारावर पोहोचला आणि पुढे तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे थंड हवेचे ठिकाण वसले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. सरकारने मेळघाटची वने राखीव केली, गवताचे रमणे आखले आणि चराईच्या जमिनी वेगळ्या केल्या. वनाचा धनी आता सरकार झाले. साहेबांची शिकार हा प्रतिष्ठेचा विषय होता आणि तीत हाका घालण्यासाठी गावकरी व वनवासी लागत. वाराणसीच्या प्रजेने चुकविलेली वेठ अशी नव्या राज्यात परतली. दौऱ्यावरील अंमलदाराच्या सेवेला गावच्या महारास हजर राहावे लागे, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

याच माळरानावर फासेपारधी काळवीट धरीत असे. शिकविलेल्या जनावराच्या आडोशाने कळपाजवळ जावे, जमिनीवर फासे मांडावे आणि मिळेल त्यावर पोट भरावे, हा त्याचा पिढीजात व्यवसाय. साहेबाची बंदूक परवान्याची, म्हणून ती क्रीडा ठरली. पारध्याचा फासा भुकेचा, तरी तो गुन्हा ठरला. १८७१ च्या कायद्याने ज्या ‘गुन्हेगार जमाती’ कल्पिल्या गेल्या, त्यांत पुढे पारध्यांचीही गणना झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र अजून रद्द झालेला नाही. हरीण तेच, भूमी तीच. फरक होता तो मारणाऱ्याच्या जातीचा आणि सत्तेचा.

जमीन विकत घेऊन शिकार करण्याची रीत आज अमेरिकेच्या टेक्सास राज्यात विशेष दिसते. तेथील बहुतांश जमीन खाजगी मालकीची आहे. धनिक लोक हरणांच्या शिकारीसाठी रानजमिनी खरेदी करतात किंवा भाड्याने घेतात. काही मालक उंच जाळीचे कुंपण घालून आत हरणे वाढवितात आणि पैसे घेऊन शिकार करू देतात. आश्चर्य हे की, त्या कुंपणांत आमचे काळवीट आणि चितळही आहेत. १९३० च्या सुमारास हे भारतीय प्राणी तेथे सोडले गेले. आमच्याकडे ज्याला रोही म्हणतात ती नीलगायही त्याच काळात किंग रँच या प्रचंड मालमत्तेवर पोहोचली. वाराणसीचे कोंडलेले उद्यान आणि टेक्सासचे कुंपण यांत तत्त्वतः फारसे अंतर नाही. राजाच्या जागी खरेदीदार आला, इतकेच.

भारताने वेगळा मार्ग धरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकारही संपली. आज कोणी वऱ्हाडात शेकडो एकर विकत घेतले, तरी त्या जमिनीवर चरणारे हरीण त्याचे होत नाही. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंजा परिसरात २००० मध्ये कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी घोषित झाले. अशोकाच्या आज्ञेशी नाते सांगणारा हा कायदा आहे आणि त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु अभयाचा भार कोणावर पडला, हा जातकाचा प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड या गावांतील वनवासी कुटुंबे या शतकाच्या आरंभी अकोट तालुक्यात हलविली गेली. त्यांच्यामागून इतरही गावे हलली. सोयींच्या तक्रारी घेऊन काही पुनर्वसित कुटुंबे जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा जंगलात गेली आणि तेथे संघर्ष उद्भवला. दुसरीकडे, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तेव्हा कोठे पडीक व गायरान जमिनींचा प्रश्न शासनाच्या दारी गेला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. वऱ्हाडात ज्यांना ई-क्लास म्हणतात त्या गवताळ जमिनींच्या कडेला आज आमच्या बांधवांची दोन-तीन एकरांची शेते आहेत. तूर आणि हरभरा वर येताच रोही व हरणांचे कळप उतरतात. रात्रभर जागल करूनही सकाळी वावर उजाड दिसते. अशा शेतकऱ्याला केवळ अहिंसेचा उपदेश करणे हे दुसऱ्याच्या ताटावर बसून उपोषण सांगण्यासारखे आहे.

येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मार्गदर्शन निर्णायक ठरते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची आवश्यकता आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असा त्यांचा आशय आहे. या कसोटीवर विलासासाठी राखलेली शिकारभूमी, मग ती राजाची असो, साहेबाची असो वा खरेदीदाराची, निखळ इच्छेची भूमी ठरते. पारध्याची भूक आणि शेतकऱ्याचे उद्ध्वस्त पीक हे मात्र आवश्यकतेचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे बंदुकीत शोधण्यापूर्वी वेळेवर भरपाई, सरकारी खर्चाने सामूहिक कुंपण आणि पारध्यांना गवताळ रानांच्या राखणदारीत सन्मानाचे काम, ही उत्तरे शोधली पाहिजेत.

जातककथाही अभयदानापाशी थांबत नाही. निर्भय झालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागली. राजा वचनाने बांधलेला, म्हणून लोक निरुपाय. तेव्हा निग्रोधाने स्वतः आपल्या कळपाला पिकांपासून परावृत्त केले आणि शेतकऱ्यांना सांगितले की, शेतांभोवती पानांची खूण बांधावी. ती पाहून हरीण आत येणार नाही. आजच्या हरणाला पर्णखूण समजणार नाही, हे खरे. परंतु कथेचा आग्रह स्पष्ट आहे : अभय देणाऱ्याने पिकाचीही जबाबदारी घ्यावी. निग्रोधाने घेतलेली ही जबाबदारी आज शासनाची आहे.

भूमी विकत घेण्याचीही एक धम्मपरंपरा आपल्याकडे आहे. अनाथपिंडिकाने जेतवन सुवर्णाने आच्छादून घेतले. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात सांगतो की, त्याने एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस शेत विकत घेतले आणि त्याच्या उत्पन्नातून लेण्यातील भिक्षूंच्या भोजनाची व्यवस्था केली. त्या शेतात कोणी काय पिकविले हे आज कोणास ठाऊक नाही. ते कशासाठी घेतले हे मात्र दगडावर टिकून आहे. भूमीचा धनी कोण, याइतकाच ती कोणाच्या पोटासाठी राखली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वऱ्हाडचा माळ, त्यावरचे काळवीट, त्याच्या कडेचे दोन एकर आणि त्या रानातला पारधी या सर्वांना पुरेल असा रमणा आखणे, हे आजच्या मृगदावाचे कार्य होय.