धुरांड्यांचा कायदा आणि मुलांचा श्वास

शहराच्या हवेविषयीची तक्रार आपल्याकडे जुनी आहे. परंतु त्या तक्रारीत मुलांचा उल्लेख फार उशिरा आला. परभणीच्या श्रोत्यांना मुंबईच्या गिरण्यांची कथा कशाला सांगावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला. पुढील अर्ध्या शतकात परळ-लालबागचा मुलूख धुरांड्यांनी भरून गेला, आणि त्यांच्याच सावलीत कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. अखेर १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईत कायदा झाला. बंगालने तो १९०५ मध्येच केला होता. भट्टीचा धूर किती दाट असावा व किती वेळ निघावा, यास त्याने मर्यादा घातली. त्या काळी धुराची परीक्षा डोळ्यांनी होत असे. रिंगेलमन नामक फ्रेंच प्राध्यापकाने काळ्या रेघांच्या जाळीची पत्रके तयार केली होती. ती समोर धरून धुराची छटा ताडून पाहावयाची, ही रीत देशोदेशी रूढ होती. युक्ती साधी, आणि कोळशाची उधळपट्टी थांबविण्यास उपयोगीही. कारण काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. पण गंधकाचा जो दाहक वायू त्यासवे निघतो तो रंगहीन, आणि या परीक्षेतून तो बिनबोभाट सुटून जाई. शिवाय घरगुती चूल कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. गिरणीचा धूर गुन्हा ठरला; आईच्या कडेवर बसून मूल जो धूर घेते, तो खासगी मामला!

वास्तविक मुलाचेच शरीर या बाबतीत अधिक दुबळे. जन्मतः फुप्फुसांतील वायुकोश थोडे असतात. ते पुढील वर्षांत वाढत जातात. वजनाच्या मानाने मूल प्रौढापेक्षा अधिक हवा ओढते, आणि रस्त्यावर त्याचे नाक मोटारीच्या धूरनळीच्या उंचीला येते.

के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग यांतील लोकांची तुलना केली. तिचा वृत्तांत १९८० साली प्रसिद्ध झाला. दूषित वस्त्यांत खोकला व धाप अधिक आढळली. दुसऱ्याच वर्षी हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा आला. पेट्रोलमधील शिसे, जे मुलांच्या बुद्धीलाच ग्रासते, ते २००० साली देशभर बंद झाले. शिसेही डोळ्यांना कधी दिसले नव्हते. आज सूक्ष्म कण यंत्राने मोजतात. घनमीटरमागे वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम ही आपली मर्यादा, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती अवघी ५ सुचविली. हे अंतर लहान म्हणता येत नाही.

आता परभणी. १९१२ साली हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. आणि येथे गिरणगावही नव्हते. येथील धूर मुख्यतः त्या वगळलेल्या चुलीचा: पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या यांचा. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरी गॅस पोचला. तरीही स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी पऱ्हाटीवर, अशी वाटणी करणारी घरे आहेत. आणि शाळेत जाणारी पोरे हिवाळ्याच्या सकाळी ऊब घेण्यासाठी त्या चुलीलाच बिलगून बसतात.