माता-बाल परिचर्येच्या परीक्षेला सामोरे जाताना

परिचर्या शिक्षणातील सर्वच विषय रुग्णाच्या जिवाशी निगडित असतात. परंतु प्रसूतिपरिचर्या आणि बालपरिचर्या या दोन विषयांचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. प्रसूतिकक्षात येणारी स्त्री बहुधा निरोगी असते. मात्र तिची प्रकृती काही मिनिटांत चिंताजनक होऊ शकते आणि हा बदल अनेकदा सर्वप्रथम लक्षात येतो तो खाटेजवळच्या परिचारिकेच्या. तान्ह्या बाळाला तर आपले दुखणे सांगताच येत नाही. साहजिकच या विषयांच्या परीक्षेत पाठांतराइतकीच निरीक्षणाची आणि योग्य क्रमाने कृती करण्याची कसोटी लागते.

जीएनएम अभ्यासक्रमात बालपरिचर्या दुसऱ्या वर्षी, तर प्रसूतिपरिचर्या तिसऱ्या वर्षी असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सत्रपद्धतीनुसार बीएस्सी नर्सिंगला बालपरिचर्या पाचव्या व सहाव्या, आणि प्रसूतिपरिचर्या सहाव्या व सातव्या सत्रात शिकवली जाते. म्हणजेच सहाव्या सत्रात दोन्ही विषय एकत्र येतात. त्यामुळे तयारीचे नियोजन आरंभापासूनच करणे हिताचे ठरते.

प्रथम काय कराल?

प्रसूतीनंतर काही वेळाने मातेची वस्त्रे रक्ताने भिजली आहेत आणि गर्भाशय हाताला मऊ लागतो आहे. अशा वेळी परिचारिका प्रथम काय करील? रक्तदाब मोजणे, सलाइन लावणे, डॉक्टरांना कळवणे, गर्भाशयाला मसाज देणे हे चारही पर्याय आवश्यकच आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. मदतीसाठी हाक मारत त्याच क्षणी गर्भाशयाला मसाज सुरू करणे हे योग्य उत्तर होय. कारण गर्भाशय सैल राहिल्याने रक्तस्राव होत आहे, हे प्रश्नातच सांगितलेले असते. गर्भाशय एका बाजूला सरकलेला असेल, तर मूत्राशय भरलेले आहे का, हेही पाहावे लागते.

अशा रक्तस्रावाची कारणे चार गटांत लक्षात ठेवावीत : सैल गर्भाशय, जननमार्गातील जखम, आत राहिलेला वारेचा भाग आणि रक्त गोठण्यातील बिघाड. तो टाळण्यासाठी बाळाच्या जन्मानंतर एका मिनिटात ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत दिले जातात. त्यापूर्वी गर्भाशयात दुसरे बाळ नाही याची खात्री करायची असते. तोंडी परीक्षेत नेमका हाच मुद्दा अनेकांकडून निसटतो.

आकडा आणि कृती

या विषयांतील आकडे सुटे पाठ केल्यास ते परीक्षेत उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे त्यावर करावयाची कृती लिहून ठेवावी. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास लघवीतील प्रथिने तपासावीत. तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे याविषयी विचारावे. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देताना प्रत्येक पुढील मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहायच्या : गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया कायम आहे, श्वसन मिनिटाला किमान १६ आहे आणि लघवी तासाला किमान ३० मिलि होते आहे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवे.

प्रसूतीची संभाव्य तारीख काढताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात. पाळी १० जूनला आली असल्यास तारीख १७ मार्च येते.

बाळाचा पहिला मिनिट

अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली गुणांकनपद्धती हा परीक्षकांचा आवडता विषय. हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. ठोके ११० (२ गुण), रडणे क्षीण (१), हातपाय किंचित दुमडलेले (१), उत्तेजनेला केवळ चेहरा वाकडा करणे (१), अंग गुलाबी पण हातपाय निळसर (१) असल्यास बेरीज ६ होते. मात्र हे गुणांकन पहिल्या व पाचव्या मिनिटाला करायचे असते. बाळ श्वास घेत नसेल तर गुणांची वाट न पाहता त्याला कोरडे करणे, उत्तेजना देणे आणि गरज भासल्यास पहिल्या मिनिटातच पिशवी व मुखवट्याने श्वास देणे आवश्यक ठरते.

मूल म्हणजे लहान प्रौढ नव्हे

बालपरिचर्येत वयानुसार मापदंड बदलतात. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६०, दोन ते बारा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. अतिसारात जलसंजीवनीच्या जोडीला जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी लागते. सहा महिन्यांपर्यंत रोज १० आणि त्यानंतर २० मिलिग्रॅम.

द्रवाचे गणित हमखास विचारले जाते. पहिल्या १० किलोंसाठी किलोमागे १०० मिलि, पुढील १० किलोंसाठी ५० मिलि आणि त्यापुढे २० मिलि, असा चोवीस तासांचा हिशेब असतो. १४ किलोच्या बालकाला १,००० अधिक २०० म्हणजे १,२०० मिलि, अर्थात तासाला ५० मिलि द्रव लागेल. मिलिमागे ६० थेंबांचा मायक्रोड्रिप संच असल्यास मिनिटाला ५० थेंब पडतील.

जुनी पुस्तके जपून वापरा

वरच्या वर्गातून मिळालेल्या टिपणांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. प्रसूतीची सक्रिय अवस्था पूर्वी ४ सेंमीपासून धरली जाई; जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत ती ५ सेंमीपासून धरली आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात जानेवारी २०२३ पासून टोचून देण्याच्या पोलिओ लसीची तिसरी मात्रा नवव्या महिन्यात आली. उत्तर लिहिताना विहित अभ्यासक्रम व अद्ययावत मार्गदर्शिका यांचाच आधार घ्यावा.

प्रात्यक्षिकाच्या वेळी हातांच्या कौशल्याबरोबर संवादही पाहिला जातो. जन्मानंतर तासाभरात स्तनपान आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हे पुस्तकी शब्दांत सांगण्यापेक्षा ‘बाळाला पाणी, मध, घुटी काहीही देऊ नका’ असे मातेला समजेल अशा भाषेत सांगता आले पाहिजे. शेवटच्या आठवड्यांत रोज एक प्रसंग घेऊन त्यावरील कृती क्रमाने लिहाव्यात आणि प्रत्येक कृतीपुढे तिचे कारण एका वाक्यात द्यावे. हा क्रम अंगवळणी पडला, तर प्रश्नपत्रिका सोपी जाईलच. शिवाय रात्रपाळीला एकटे असताना, ग्रंथ उघडण्यास सवड नसेल तेव्हा, तोच उपयोगी पडेल.